खांदमळणी

भाद्रपदातली अमावस्या दुसऱ्या दिवसावर आली होती, आणि चतुराबाईच्या घरात मळायला एकही खांदा उरला नव्हता.

तरी तिनं वाटीत घरचं तूप घेतलं, त्यात हळद कालवली आणि शेगडीवर कोमट केलं. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाचा खांदा कढत पाण्यानं शेकायचा आणि हळद-तुपानं मळायचा. वर्षभर जू वाहून सोललेली ती जागा. लग्न होऊन आल्यापासून तिनं ही खांदमळणी एकदाही चुकवली नव्हती, आणि गड्यांना ती त्यात हात लावू देत नसे. तुमचा हात म्हणजे खरारा, म्हणायची. पण आकुर्डीची जमीन कारखान्यांत गेली, मागोमाग गोठा गेला, आणि दोन वर्षांमागं शेवटची जोडी तिचा भाऊ कोंडाजी निघोज्याला घेऊन गेला. मुलानं, साहेबरावानं, चिंचवडात बंगला बांधला आणि आईला त्यात आणून बसवलं. बंगल्याला लोखंडी फाटक, फाटकाला गुरखा आणि खिडक्यांना बोटाएवढे जाड गज. चोर बाहेर राहावेत म्हणून लावलेत म्हणे. चतुराबाईला ते आतूनच जास्त दिसायचे.

चाळीस वर्षं पहाटे उठून शेणात हात घालणारी बाई. आता तिला उठून करायला काही नव्हतं. सून कस्तुरा गुणाची होती, पण सासूबाईंनी पाण्याचा तांब्या उचलला तरी धावून यायची. बाईनं बाहेर जायचं नाव काढलं की साहेबराव विचारायचा, आई, बाहेर तुझं काय काम हाय? आणि खरंच, काय काम होतं? हेच तर तिला खायचं.

वाटी पदराखाली धरून ती मागच्या दारानं गाडीखान्यात गेली.

तिथं हिरवी उभी होती. नाव तिचं जग्वार, पण ते चतुराबाईच्या तोंडात बसत नसे. बाटलीच्या काचेसारखा रंग, आत लालभडक चामडं, समोर शिसवीसारख्या लाकडाची फळी आणि तीत घड्याळांसारखे काटे. चाकं तारांची. पुढं बॉनेटच्या टोकाला झेप घेतलेलं एक जनावर. कारखान्यातला एक विलायती इंजिनिअर मायदेशी परतताना गाडी विकून गेला आणि साहेबरावानं ती घेतली. त्याचा बोल्ट पाडायचा कारखाना नवा होता, बड्या कंपन्यांचे साहेबलोक दारात यावेत असं त्याला वाटे, आणि त्यांना दाखवायला दारात काहीतरी हवं होतं. गाडीचे कागद मात्र चतुराबाईच्या नावावर होते, कारण पैसा जमिनीचा होता आणि जमीन तिच्या नावावर होती. ती दुसरी शिकलेली. सहीपुरतं नाव लिहायची, पण ते असं दाबून की मागच्या दोन पानांवर उमटायचं.

हिरवीला सांभाळायला ज्योतीराम होता. देहूरोडच्या लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपात त्यानं उमेदीची वर्षं काढली होती. पंचेचाळिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. खिशावर बाबासाहेबांचा लहान बिल्ला, आणि हात काळे असले तरी सदऱ्याची कॉलर कधी काळी नाही. पहिल्याच दिवशी चतुराबाईनं त्याच्यासाठी कान तुटलेल्या कपात चहा पाठवला होता. तो कप गाडीखान्याच्या खिडकीत वेगळा ठेवायचा, असं तिनंच कस्तुराला सांगितलेलं. ज्योतीरामनं कपाकडे एकदा पाहिलं आणि सांगितलं की तो चहा पिऊन आला आहे. त्यानंतर तो रोज चहा पिऊनच आला.

साहेबराव गाडी महिन्यातून एकदा काढायचा. शर्यतीच्या बैलाला कुणी नांगराला जुंपतं का, म्हणायचा. त्यावर ज्योतीरामनं सांगितलं की गाडी नुसती उभी राहिली तर मरेल, आठवड्यातून एकदा तरी तिला फेरा हवा. मग असं ठरलं की दर गुरुवारी त्यानं हिरवीला सोमाटण्यापर्यंत नेऊन आणायची. पण वेगाचा काटा तिसाच्या वर जाता कामा नये, आणि ड्रायव्हर एकटा उंडारायला नको म्हणून मागं आईनं बसायचं. खिडक्यांना पडदे लावले. म्हणजे ज्योतीरामवर पहारा चतुराबाईचा, आणि चतुराबाईवर पडद्याचा.

तरी गुरुवारची ती आठवडाभर वाट बघायची.

गाडी निघण्याआधी ज्योतीराम कळ दाबायचा आणि तसाच बसून राहायचा. पहिल्यांदा तिनं मागून टोमणा मारला की, काय रं, आरती म्हणतोस का? त्यानं फळीवरचा एक काटा दाखवला. आतलं तेल फिरून गरम होईपर्यंत हिला हात लावायचा नाही, म्हणाला, थंड अंगानं पळवली तर आतून फाटते. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. हरण्या नावाचा तिचा खोंड होता, निघोज्याच्या शर्यतीच्या घाटात तीन वर्षं कुणाला पुढं जाऊ न देणारा. त्यालाही ती जुंपण्याआधी अर्धा कोस हातानं चालवायला लावायची.

शर्यतीचा बैल तिच्या हातचा, खुराक तिच्या हातचा, पण हरण्या पळताना तिनं कधी पाहिला नाही. घाटात बाया जात नाहीत. बैलांची बारी सुटली की लांबून आरोळी ऐकू यायची, आणि ती गोठ्यात बसून आरोळीवरून ओळखायची, कोण आलं ते. जिंकून आलेल्या बैलाची छाती भात्यासारखी हलताना तिनं पाहिली होती. पळताना ती कशी हलते, ते ठाऊक नव्हतं.

म्हणून एका गुरुवारी तिनं विचारलं होतं की, बैलगाडीच्या चालीनंच न्यायची तर हिला एवढी ताकद कशाला दिली?

ज्योतीरामनं आधी समोरचं वळण काढलं. मग म्हणाला, "बाई, मी बारा वर्षं ट्रक चालवला. चढ आला की ट्रक कण्हतो. ही कण्हत नाही. ही विचारते, जाऊ का? तुम्ही नको म्हणा, ही थांबेल. पण विचारलेलं तळपायाला कळतं."

आणखी एकदा, चाकं पुसताना, त्यानं सांगितलं की पळते कुठलीही गाडी. चांगली गाडी ओळखायची ती थांबताना. तारांच्या आत बोट घालून त्यानं एक लोखंडी तबकडी दाखवली. दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो आणि सगळा भार हिच्यावर येतो, म्हणाला, भट्टीसारखी तापते. चतुराबाईनं वाकून पाहिलं. बाकी गाडीला रंग होता, मुलामा होता. ही एकच जागा उघडी, घासून घासून चकाकणारी, तिच्यावर गोल गोल चरे उठलेले.

"सोललंय की रं हिला."

"ते तसंच असतं, बाई."

ते तसंच असतं. जुवाखालच्या खांद्याबद्दलही गडी हेच म्हणायचे.

तर त्या सांजेला चतुराबाई हिरवीच्या पुढच्या चाकापाशी फतकल मारून बसली. तारांच्या आत बोटं घातली. भार इथं येतो, आग इथं होते, मग मळायचं ते इथंच. तिनं हळद-तूप घेऊन ती सोललेली तबकडी हळूहळू मळली, कडेकडेनं, चऱ्याचऱ्यात. मग दुसरं चाक, मग मागची दोन्ही. वाटी रिकामी झाली. दोन वर्षांनी तिच्या तळहाताला काम मिळालं होतं. उठताना तिनं त्या झेप घेतलेल्या जनावराच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला म्हणाली की, उद्या तुजा सण हाय, गुमान खा.

पोळ्याच्या दिवशी सकाळी कस्तुरानं गाडीला ओवाळलं, पुढ्यात पुरणपोळी ठेवली. ज्योतीराम अजून यायचा होता. साहेबराव मात्र लवकर तयार झाला, कारण मुंबईच्या एका कंपनीचा खरेदीचा साहेब आदल्या रात्रीच येऊन उतरला होता. ज्योतीराम फाटकात आला तेव्हा साहेबराव स्वतः स्टिअरिंगवर बसलेला. ज्योतीरामनं म्हटलं की एक चक्कर मारून ब्रेक बघून देतो. साहेबरावानं त्याला सांगितलं की आज सण आहे, तू चाकं पुस आणि घरी जा. चाकं पुसायलाही वेळ दिला नाही. गाडी फाटकातून गेली ती धूळ उडवत.

पुढचं सगळं चतुराबाईला ऐकूनच कळलं. मुंबईच्या साहेबाला गाडी दाखवायची म्हणून साहेबरावानं निगडीच्या पुढच्या उतारावर पाय दाबला. खाली गवताचा एक छकडा आडवा आला. त्यानं ब्रेक दाबला तो नुसताच आत गेला. गाडी थांबायचं नाव घेईना. छकडा वाचवायला स्टिअरिंग फिरवलं आणि हिरवी रस्ता सोडून काळ्या चिखलाच्या चरात जाऊन बसली. कुणाला फार लागलं नाही. साहेबाच्या कपाळाला टेंगूळ आलं आणि पांढऱ्या विजारीला पुढून मागून चिखल लागला. तो तिथूनच एसटी धरून मुंबईला गेला.

संध्याकाळी पोर्चमध्ये, कारखान्याचे चार कामगार ऐकत असताना, साहेबरावानं ज्योतीरामला धारेवर धरलं. ब्रेक बघणं त्याचं काम होतं, लष्करात असंच काम करत होता काय, आज दोन जीव गेले असते, उद्यापासून येऊ नकोस. ज्योतीराम मान खाली घालून उभा होता. चिखलातून गाडी त्यानंच ओढून आणून धुतली होती. त्याच्या हातात एक फडकं होतं. चतुराबाई खिडकीत, गजांच्या आत. तिलाही संताप आला होता. पोरगा मरता मरता वाचलेला. ती खिडकीतूनच म्हणाली, "आपल्या हातचं जनावर दुसऱ्याच्या हातात देताना कासरा तपासून द्यावा लागतो, ज्योतीराम. एवढी तरी अक्कल असावी."

त्यानं वर पाहिलं. मग फडक्याची घडी केली, आपल्या हत्यारांच्या पेटीत टाकली आणि पेटी तिथंच ठेवून फाटकातून बाहेर गेला.

हिरवीवर ताडपत्री पडली. दिवाळी गेली, मार्गशीर्ष लागला. गुरुवार आता बुधवारासारखेच यायचे आणि शुक्रवारासारखेच जायचे. दुसरा ड्रायव्हर ठेवायचं साहेबराव नाव काढेना. जीपनं जायचा, जीपनं यायचा. चतुराबाई दुपारी सगळे झोपले की गाडीखान्यात जाऊन ताडपत्रीची एक कड उचलायची आणि आत बसायची. चामड्याला वास यायला लागला होता. एकदा तिनं कळ दाबून पाहिली. आतून नुसता एक टक् असा आवाज आला, जीभ टाळ्याला लागल्यासारखा, आणि मग तोही नाही. गुरख्यानं ते पाहिलं आणि साहेबरावाला सांगितलं. साहेबरावानं आईला समजावलं की तिथं बसू नकोस, लोकांना वाटंल म्हातारीला घरात जागा न्हाई.

पौषात त्यानं विषय काढला. गाडी अपशकुनी आहे, तिच्यापायी मोठी कंपनी हातची गेली. चिंचवड स्टेशनचा भंगारवाला भिमाजी सोमवारी येऊन तोडून नेईल. तेवढी कागदावर सही लागेल.

चतुराबाईनं विचारलं, तोडून म्हणजे? तो म्हणाला की, म्हणजे पत्रा पत्र्यात, तांबं तांब्यात.

त्याच आठवड्यात, नेमका गुरुवारी, ज्योतीराम आपली हत्यारांची पेटी न्यायला आला. चतुराबाई गाडीखान्याच्या दारातच होती. तिनं त्याला विचारलं की, आता कुठं पोटाला लावलंस? त्यानं सांगितलं, देहूरोडलाच, डेपोत. पण गाडी देत नाहीत, खोकी उचलायला ठेवलंय. ब्रेक न बघता मालकाला गाडी दिली हे कामगारांच्या तोंडून तिथंही पोचलंय, म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. त्यानं पेटी उघडून पाने मोजायला घेतले आणि तळातून ते फडकं वर आलं.

फडकं पिवळं होतं. डाग काळा असायला हवा, तो पिवळा. आणि चार महिन्यांचं खवट झालेलं तूप तिच्या नाकात शिरलं.

तिनं ते हातात घेतलं. ती घरच्या तुपाचा वास विसरणारी नव्हती.

"हे कशाचं रं?"

"तुम्हाला ठाऊक नाही?" त्यानं विचारलं, आणि तिच्या तोंडाकडे बघून त्याला कळलं की नाही. तो पेटीशेजारी बसला. मग त्यानं सांगितलं. चिखल धुताना चारी तबकड्यांना तूप आणि हळद लागलेली सापडली. चिमटा पकडतो तो कोरड्या लोखंडाला. त्याला तूप लागलं की तो नुसता घसरतो. ब्रेक असून नसल्यासारखे.

"मग त्या दिशी बोलला का न्हाईस?"

"कुणाला बोलू, बाई? फडकं हातातच होतं. तुम्ही खिडकीत होतात. मला वाटलं, तुम्ही बोलाल." त्यानं पाने परत पेटीत ठेवायला घेतले. "नंतर म्हटलं, जाऊ द्या. मारायला मळलेलं नव्हतं, हे मला कळलं होतं."

तो पेटी उचलून जायला निघाला, तेव्हा तिनं त्याला रविवारी सकाळी यायला सांगितलं. का, ते सांगितलं नाही. तिलाच अजून ठाऊक नव्हतं.

सबंध दुपार चतुराबाई फडकं मांडीवर घेऊन बसली. सही न करणं सोपं होतं. हात दुखतो म्हणायचं, किंवा नुसतं नाही म्हणायचं. सहीच्या बाबतीत तिच्या नाहीपुढं साहेबरावाचं कधी काही चाललं नव्हतं. गाडी तुटायची वाचेल. पण मग ताडपत्रीखाली राहील, अपशकुनी म्हणून, आणि ज्योतीराम खोकी उचलत राहील. आणि खिडकीतून जे ती बोलली, ते बोललेलंच राहील. दुसरी वाट होती ती साहेबरावापुढं, सुनेपुढं, गुरख्यापुढं तोंड उघडायची. चाळीस वर्षं जिनं गावच्या गड्यांना बैल शिकवले, तिनं म्हणायचं की मला जनावर कळलं नाही. तिला वाटलं, या दोन वाटांपेक्षा गज बरे. गज निदान पोरानं लावलेले आहेत.

संध्याकाळी साहेबराव कागद घेऊन आला. तिनं कागद बाजूला सरकवला आणि त्याच्या हातात फडकं दिलं.

"खांदमळणी केली म्या हिची. पोळ्याच्या आदल्या सांजंला. बिरीक गेला त्यो दोस हिचा न्हाई, ज्योतीरामाचा न्हाई. माजा हात घसरला."

साहेबरावाला आधी समजलं नाही. समजल्यावर तो पाठीमागं दार लावायला उठला. कस्तुरा स्वयंपाकघरात होती. "आये, हे कुनाला बोलू नगस," तो हळू आवाजात म्हणाला. एरवी शहरी बोलणारा पोरगा, घाबरला की निघोज्याच्या मामासारखा बोलायचा. "बोल्टवाल्याच्या आईनं बिरीकला तूप लावलं म्हनून हसत्याल सगळे."

"दार उघड आदी," चतुराबाई म्हणाली. "ज्यांच्यासमोर त्याला काढलास त्यांच्यासमोर मी बोलनार. आन रविवारी हिला त्याच उतारावर न्यायची. ज्योतीराम चालवील. मी म्होरं बसंन. थांबली तर ऱ्हाईल, न्हाई थांबली तर भिमाजीला दोगींनाबी दे."

रविवारी पहाटेपासून ज्योतीराम गाडीखाली होता. बॅटरी बदलली, तबकड्या रॉकेलनं, मग साबणानं, मग कोऱ्या फडक्यानं पुसल्या. जुने चिमटे तूप प्यालेले होते, ते काढून नवे बसवले. सुट्टी असूनही कारखान्याचे ते चार कामगार बोलावून आणले होते. पोर्चमध्ये रांगेनं उभे होते, कशाला ते न कळून. चतुराबाई पायऱ्या उतरून त्यांच्यासमोर गेली, पदर खोचला आणि सांगितलं की पोळ्याच्या दिवशी ब्रेकला तूप तिनं लावलं होतं, ज्योतीरामची चूक नव्हती, आणि खिडकीतून ती जे बोलली ते खोटं होतं. एकजण हसला. तिनं त्याला हसू दिलं. आज त्याचा हक्क होता.

मग ती पुढच्या दारानं आत बसली. मागं, पडद्याआड, साहेबराव.

ज्योतीरामनं कळ दाबली. हिरवी एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली आणि धरली. तो बसून राहिला, तीही बसून राहिली. काटा चढू लागला. मागून साहेबराव म्हणाला की, चला ना. दोघंही काट्याकडे बघत राहिली.

आकुर्डीपर्यंत तो तिसातच होता. डावीकडं जिथं तिचा गोठा होता तिथं आता कुणाच्या तरी कारखान्याची चिमणी होती. तिनं मान वळवली नाही. निगडी मागं पडली, रस्ता मोकळा झाला, आणि ज्योतीरामनं तिच्याकडे न बघता विचारलं, "जाऊ का, बाई?"

"तिला इचार."

त्यानं पाय दाबला. चतुराबाईला वाटलं होतं धक्का बसेल, आरडाओरडा होईल. तसं काही झालं नाही. पाठीला मागून एक मोठा तळहात लागला आणि तो लागलेलाच राहिला. आवाज वाढला नाही, खोल गेला, भरल्या छातीतून यावा तसा. बाभळी एकमेकींत मिसळल्या. घोरावडेश्वराच्या डोंगराशी रस्ता वळतो तिथं तिनं दोन्ही हातांनी दार धरलं. पण गाडी कललीही नाही, चारी पायांनी भुई धरून वळली, आणि स्टिअरिंग ज्योतीरामच्या हातात इतकं हलकं होतं की तो फक्त दोन बोटांनी तिला कुठं बघायचं ते सांगत होता. ओढाताण नाही, मारझोड नाही. कासरा नुसता हातात असावा आणि जनावराला धन्याच्या मनातलं कळावं, तसं. एवढा वेग आणि आत एवढी शांतता. मागं साहेबराव कुठलातरी देव आठवत होता.

तेव्हा तिला कळलं की हरण्याची छाती पळताना कशी हलत असेल. चाळीस वर्षं ती आरोळी बाहेरून ऐकत होती. आज ती बारीच्या आत होती.

येताना निगडीशी वळून त्यांनी पुन्हा तो उतार धरला. ज्योतीरामनं काटा सत्तरावर नेला, खाली चराजवळचं बाभळीचं झाड दाखवलं आणि म्हणाला की तिथं. झाड धावत आलं. त्यानं पाय ठेवला. हिरवीनं नाक खाली घातलं, चारी खूर एकदम रोवल्यासारखे रोवले आणि झाडाच्या सावलीच्या अलीकडे उभी राहिली. सरळ. श्वास घेत.

चतुराबाई खाली उतरली. चाकापाशी वाकून तिनं तारांजवळ तळहात नेला. आतून भट्टीसारखी धग आली. या वेळी तिनं हात लावला नाही.

परत आल्यावर साहेबराव ज्योतीरामला म्हणाला की उद्यापासून ये, पगार वाढवतो. चतुराबाई आतून स्वतः चहा घेऊन आली होती, घरातल्या स्टीलच्या पेल्यात. ज्योतीरामनं पेल्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावर काही वाईट नव्हतं. डेपोतल्या फोरमनला हे चार जण सांगतील, म्हणाला, मग मला ट्रक मिळेल. सरकारी आहे, पेन्शन आहे. चहाबद्दल म्हणाला, "इथल्या चहाची सवय नाही, बाई." जाण्याआधी त्यानं तिला कळ, काटा, क्लच, गिअरचा दांडा आणि ब्रेक दाखवले. रोज दहा मिनिटं चालू करा, म्हणाला, गाडीखान्याचं दार सताड उघडं ठेवून. आणि थोडी पुढं-मागं करा, चाकं एका जागी बसू देऊ नका.

भिमाजी सोमवारी आला तसाच परत गेला. पण दुसरा ड्रायव्हर साहेबरावानं ठेवला नाही. आईला घेऊन कुणी परत तसं पळवलं तर, म्हणाला. गुरख्याला ताकीद दिली की गाडी फाटकाबाहेर जाता कामा नये. किल्ली मात्र कागदासारखीच चतुराबाईची. ती तिनं कमरेला लावली, पूर्वी गोठ्याची लावायची तिथं.

आता रोज सकाळी, कस्तुराची पूजा चालू असते तेव्हा, चतुराबाई गाडीखान्याची दोन्ही दारं उघडते आणि स्टिअरिंगवर बसते. कळ दाबते. काटा चढेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहते. गुरखा फाटकातून बघत असतो. मग ती क्लच दाबते, ज्योतीरामनं दाखवला तसा दांडा पुढं लोटते, आणि हिरवी तिच्या पायाला विचारते.

पहिल्या दिवशी ती वीतभर गेली आणि चतुराबाईनं ब्रेक दाबला. जागच्या जागी थांबली. महिन्याभरात वीतभराचे दोन हात झाले. गाडीखान्याच्या फरशीवर चाकांच्या दोन काळ्या रेघा उमटल्या आहेत, रोज त्यांवरून पुढं आणि रोज त्यांवरूनच मागं. कस्तुरा पुसायला गेली तेव्हा सासूनं तिला पुसू दिल्या नाहीत.

रेघा जिथं संपतात तिथून उंबरा अजून सहा हात आहे. त्यापुढं अंगण, आणि मग फाटक.